मोकळा हात : ओझ्याच्या मुठीचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि किल्ले उभे राहतात. शाळेत आपण सर्वजणी तोच शिकलो. मी सातवीपर्यंत तोच पाठ केला. परंतु घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा बायकांच्या हातून घडलेला असतो. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी एका लहानशा वस्तूचा इतिहास लिहावयाचे ठरविले. ही वस्तू म्हणजे ओझ्याची मूठ.

मुठीसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत पाहा. कढईला कान असतात, बादलीला कडी असते, पळीला दांडा, जात्याला खुंटा, विळ्याला मूठ आणि पिशवीला बंद. प्रत्येक वस्तू धरण्याची तऱ्हा निराळी, म्हणून नावही निराळे. ज्या लोकांनी एवढे शब्द घडविले, त्यांनी वस्तू हाती धरण्याचा विचार किती बारकाईने केला असला पाहिजे!

मूठ कशासाठी लागते? ओझे उचलण्यासाठी, असे कोणीही सांगेल. परंतु मूठ नसलेले गाठोडेही दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलता येतेच. मुठीचा खरा उपयोग असा की, ओझे एका हातात मावते आणि दुसरा हात मोकळा राहतो. त्या मोकळ्या हातात लेकराचे बोट असते, गाडीची दांडी असते, पदर असतो, छत्री असते. पुरुष बाजाराला निघाला तर पुष्कळदा त्याच्याजवळ फक्त ओझेच असते. बाई निघाली की ओझे आणि लेकरू दोन्ही असतात. म्हणून मुठीचा इतिहास हा बाईच्या मोकळ्या हाताचा इतिहास आहे, असे मला वाटते.

डोक्यावरचे ओझे आणि चुंबळ

आपल्या भागात ओझ्याची पहिली जागा डोके. आपल्या जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूर येथे जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राकार खाली उतरत जातात. अशा बारवेतून भरली घागर घेऊन वर यावयाचे म्हणजे तोल सांभाळण्यास हात मोकळे हवेत. दहा लिटर पाण्याचेच वजन दहा किलो, त्यात पितळेचे वजन निराळे. एवढे ओझे हातात लोंबकळत ठेवून पायऱ्या चढणे कठीण. म्हणून ते डोक्यावर गेले, आणि डोके व घागर यांच्यामध्ये चुंबळ आली.

चुंबळ म्हणजे काय? जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून केलेले एक कडे. परंतु त्यात शहाणपण मोठे आहे. घागरीचे बूड गोल, आणि डोकेही गोल. गोलावर गोल ठरत नाही. चुंबळ दोहोंच्या मध्ये बसून घागरीला बैठक देते, आणि वजन एका ठिकाणी न रुतता सगळीकडे वाटले जाते. पुढे मुठीविषयी जे सांगावयाचे आहे त्याचे बीज या चुंबळीतच आहे : ओझे कमी करता येत नसेल तर ते वाटून द्यावे.

डोक्यावर ओझे वाहणे म्हणजे अडाणीपणा, असे कोणी समजू नये. १९८६ साली काही शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतील केनिया देशातील बायकांच्या श्रमाचे मोजमाप केले. लहानपणापासून सवय असलेल्या त्या बायका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके ओझे डोक्यावर घेऊन चालत, तरी त्यांना रिकाम्या चालण्याहून अधिक शक्ती खर्चावी लागत नव्हती. त्याहून ओझे वाढले की मात्र श्रम वाढत गेले. म्हणजे युक्ती खरी, परंतु तिला मर्यादा आहे. आपल्याकडे ही मर्यादा कोणी पाळली? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो बाया खडी फोडण्याच्या आणि माती वाहण्याच्या कामावर होत्या. आमच्या सासूबाई त्या दिवसांविषयी सांगताना मिलोच्या भाकरीआधी मान दुखल्याचे सांगतात. पाटीला मूठ नव्हती. पाटी धरावयाची तर दोन्ही हात वर, आणि डोक्यावर ठेवल्यावरही एक हात तिला लावलेलाच.

खांद्यावरची कावड आणि कमरेची ओटी

डोक्यानंतर खांदा. कावड आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. बांबूच्या दोन टोकांना दोन शिंकी, आणि शिंक्यांत घागरी. पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी प्रत्यक्ष देवाने श्रीखंड्याच्या रूपाने कावडीने पाणी भरले, ही कथा मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? आजही चैत्र महिन्यात शिखर शिंगणापूरच्या यात्रेत भाविक मुंगी घाटातून कावडी वर चढवितात. कावडीचे मर्म असे की, दोन्ही बाजूंचे वजन सारखे असेल तर खांद्यावर फक्त भार येतो, शरीर एका अंगाला कलत नाही.

कावडीत बांबूइतकेच महत्त्व शिंक्याला आहे. ज्या भांड्याला धरण्यास जागा नाही, त्याला शिंके बाहेरून धरण्याची जागा देते. घागरीला कडी नसते, परंतु ती शिंक्यात ठेवली की तिला दोरीची कडी मिळाली. काम झाले की शिंके काढावे आणि दुसऱ्या भांड्याला लावावे. हल्ली प्रवासात पार्सलाला अडकविण्यासाठी जो सुटा पट्टा मिळतो, तो नवा शोध आहे असे वाटते. परंतु वस्तूपासून वेगळी, हवी तेव्हा लावावी आणि हवी तेव्हा काढावी अशी मूठ म्हणजे आपले शिंकेच नव्हे काय? हे शिंके आपल्याकडे अंबाडीच्या वाखाचे होत असे. शेताच्या कडेला किंवा पिकात अंबाडीचे तास टाकीत. भाजीला पाला, दोराला वाख, असे दोन्ही तिच्यातून निघे.

पुरुष खांद्यावर पडशी टाकीत. तिला पुढे एक कप्पा व मागे एक कप्पा, म्हणजे तीही एक लहान कावडच. बाईने मात्र कमरेचा उपयोग केला. कापूस वेचताना कापडाची ओटी कमरेला बांधतात. दोन्ही हात बोंडे वेचण्यास मोकळे, आणि वेचलेला कापूस सरळ ओटीत. ही ओटी कोण्या कारखान्यात तयार झाली नाही. वेचणाऱ्या बाईनेच ती योजिली. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. तेथील गृहविज्ञान शाखेच्या बायांनी शेतातील बायकांचे कष्ट कमी कसे होतील यावर काम केले, हे आपल्या जिल्ह्याला भूषणावह आहे. परंतु विद्यापीठाच्या आधी शेकडो वर्षे हा अभ्यास वावरात चालू होता, हेही विसरू नये.

रेल्वे आली आणि मूठ आली

बैलगाडीच्या काळात सामानाला मुठीची फारशी गरज नव्हती. बोचके बांधले, गाडीत टाकले, मुक्कामी उतरविले. गाडी आपल्यासाठी थांबत असे. पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारी मीटरगेज रेल्वे सुरू झाली. आपले पिंगळी स्टेशन याच मार्गावर, परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान आहे. रेल्वे आपल्यासाठी थांबत नाही. थोड्या वेळात सामानासह उंच पायरी चढावी लागते, आणि चढताना दाराची दांडी धरावीच लागते. ज्या सामानाला मूठ नाही ते डब्यात चढविताना दांडीचा हात सुटतो. दांडी सुटली की काय होते ते निराळे सांगावयास नको.

म्हणून रेल्वेबरोबर मुठीचे सामान घरोघर आले. पत्र्याच्या ट्रंकेला मधोमध एक कडी, मोठ्या ट्रंकेला दोन्ही बाजूंना दोन. गादी, चादर, उशी यांची वळकटी पूर्वी सुतळीने बांधीत. तिच्या जागी कॅनव्हासचा होल्डॉल आला. त्याला दोन चामडी पट्टे, पट्ट्यांना बकले, आणि दोन पट्ट्यांना जोडणारी एक चामडी मूठ. अंथरूण गुंडाळले, बकल आवळले की गुंडाळी एका हातात. प्रवासातील पाण्यासाठी फिरकीचा तांब्या होता. झाकण आट्याचे, पाणी सांडत नसे, आणि वर धरण्यास कडी. या तिन्ही वस्तू एका रांगेत ठेवून पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की, त्यांचे धातू आणि कापड निराळे असले तरी सगळ्यांची गरज एकच होती.

स्टेशनावरील लाल सदऱ्यातील हमाल पाहा. डोक्यावर पागोटे गुंडाळून त्यावर तो पेट्या ठेवतो, म्हणजे पागोटे त्याची चुंबळ. शिवाय त्याच्या जवळ एक कापडी पट्टा असतो. पट्टा पिशव्यांच्या मुठींतून ओवून तो खांद्यावर टाकतो. एक पिशवी पुढे, एक मागे. म्हणजे पडशी, कावड आणि शिंके यांची सगळी विद्या त्या एका पट्ट्यात गोळा झाली आहे. तो पट्टा घडी करून खिशात मावतो.

मुंबईचा कडीचा डबा

एका हाताने ओझे नेण्याची आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे जेवणाचा डबा. वाट्या एकावर एक, दोन्ही बाजूंनी पट्ट्या, वर कडी. भात, भाजी, वरण, पोळ्या अशी चार भांडी नेण्यास चार हात हवेत. डब्याच्या कडीने ते काम एका हातावर आणले.

हा डबा घरून कचेरीत पोहोचविण्याचा व्यवसाय मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसांनिशी सुरू केला. डबेवाले बहुतेक पुणे जिल्ह्यातील मावळ, जुन्नर, आंबेगाव, राजगुरुनगर या भागांतील. अक्षरओळख बेताची असलेल्यांनाही कळावे म्हणून डब्यावर रंगाच्या खुणा व मोजकी अक्षरे घातली जात. घरोघर डबे गोळा करताना ते कडीत कडी अडकवून हातात किंवा सायकलीला टांगतात, आणि स्टेशनावर लाकडी खोक्यात तीस-चाळीस डबे रचून खोका डोक्यावर घेतात. २००३ साली इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स मुंबईस आले असता डबेवाल्यांना मुद्दाम भेटून गेले.

डबेवाल्यांच्या शिस्तीचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण बायकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कडी नसती तर हा व्यवसायच उभा राहिला नसता. आणि तो डबा रोज भरणारी, झाकण घट्ट बसले की नाही हे पाहणारी आणि कडी धुऊन पुसून दारात ठेवणारी ती घरातील बाईच. तिची नोंद कोठे नाही.

परदेशात काय घडले

नोंदीचा विषय निघाला म्हणून परदेशातील एका बाईची हकीकत सांगते. बाजाराची पिशवी आज जगभर एकसारखी दिसते, परंतु तिच्यामागे माणसे आहेत. अमेरिकेतील मार्गारेट नाइट ही बाई १८३८ साली जन्मली. शिक्षण बेताचे. लहानपणीच कापडाच्या गिरणीत कामास लागली. पुढे कागदी पिशव्यांच्या कारखान्यात असताना तिच्या लक्षात आले की, लखोट्यासारख्या पिशव्या उभ्या राहत नाहीत आणि त्यांत जिन्नस नीट मावत नाहीत. चौकोनी सपाट बुडाची पिशवी आपोआप तयार करणारे यंत्र तिने योजिले. त्या यंत्राचा नमुना बनत असताना चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या एका गृहस्थाने ते पाहिले आणि स्वतःच्या नावाने हक्क मागितला. मार्गारेटबाईने दाद मागितली, आपली रेखाटने, टिपणे आणि साक्षीदार पुढे केले आणि निकाल आपल्या बाजूने लावून घेतला. १८७१ साली यंत्राचा हक्क तिच्या नावे नोंदला गेला. आपल्याकडे चुंबळ, शिंके, ओटी योजणाऱ्या बायांनी कोठे दाद मागितली? त्यांना मागावी असे वाटलेही नसेल. म्हणून त्यांची नावे गेली आणि वस्तू राहिल्या.

मार्गारेटबाईच्या पिशवीला बूड मिळाले, पण बंद नव्हते. ते काम अमेरिकेतीलच वॉल्टर डॉयबनर या किराणा दुकानदाराने केले. त्याने पाहिले की गिऱ्हाईक पैसे संपले म्हणून खरेदी थांबवीत नाही, हात भरले म्हणून थांबविते. १९१२ साली त्याने कागदी पिशवीभोवती, बुडाखालून दोरी नेऊन वर तिचीच मूठ केली. वजन कागदावर न येता दोरीवर येई. अशी पिशवी सुमारे ३४ किलो वजन पेलते असे तो सांगे. किंमत पाच सेंट, आणि १९१५ पर्यंत वर्षाला दहा लाखांहून अधिक पिशव्या खपू लागल्या. दोरी बुडाखालून नेण्याची ही युक्ती आपल्या शिंक्यात आधीपासून आहे, हे वाचताना माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

पुढे स्वीडन देशात स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी प्लास्टिकच्या एकाच नळीतून पिशवी आणि तिचे दोन बंद सलग कापून काढण्याची रीत बसविली. १९६५ साली तिचा हक्क नोंदला गेला. ना शिवण, ना दोरी, ना गाठ. हीच आपली कॅरीबॅग. कागदासाठी झाडे तुटू नयेत, आणि एकच पिशवी पुनःपुन्हा वापरावी, असे थुलिन यांच्या मनात होते. ते स्वतः घडी केलेली पिशवी खिशात बाळगीत, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. लोकांनी मात्र ती एकदा वापरून फेकली.

आपल्याकडे पिशवीचे काय झाले

आमच्या लहानपणी घरोघर वायरच्या पिशव्या होत्या. रंगीत प्लास्टिकच्या वायरी आणून बाया दुपारी ओट्यावर बसून विणीत. बूड चौकोनी, बंद दुपदरी, आणि बंदावर मुद्दाम आणखी एक वेढा, तो हाताला टोचू नये म्हणून. कित्येक महिला मंडळांत हे विणकाम शिकविले जाई. पिशवी वर्षानुवर्षे टिके. त्याखेरीज जुन्या पँटच्या कापडाची पिशवी होतीच. पँटचा कमरपट्टा उसवून त्याचेच बंद करीत, कारण घरातील सगळ्यांत जाड शिवण तीच.

नंतर कॅरीबॅग फुकट मिळू लागली आणि पिशवी घेऊन बाजारास जाणे मागासलेपणाचे ठरले. त्याचे परिणाम आपण जाणतोच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नाले तुंबण्याच्या कारणांत या पिशव्यांचेही नाव आले. आपल्याकडे तर जनावरांच्या पोटातून त्या निघतात. अखेर महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यात हँडल असलेल्या आणि हँडल नसलेल्या, अशा दोन्ही पिशव्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. मुठीचा उल्लेख सरकारी कागदात होतो, एवढे तिचे महत्त्व! पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली.

बंदीनंतर गावोगावच्या बचत गटांनी कापडी पिशव्या शिवावयास घेतल्या, ही चांगली गोष्ट झाली. परंतु बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पिशव्या मी हातात घेऊन पाहिल्या. कापड बरे असते, छपाई सुंदर असते, पण बंद करंगळीएवढे अरुंद आणि एकाच टिपेने जोडलेले. पाच किलो ज्वारी घातली की बंद दोरीसारखा गोळा होतो आणि बोटे निळी पडतात. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याची बारीक तार आपण सर्वजणी जाणतो. पदराचा बोळा करून तारेखाली धरल्यावाचून तो डबा नेता येत नाही. पदराचा तो बोळा म्हणजे पुन्हा चुंबळच. करणाऱ्याने ती मूठ स्वतः कधी धरली नसावी, हाच त्याचा अर्थ.

मूठ कशी असावी

आता थोडा हिशेब. समजा ओझे दहा किलो आहे. चार बोटांची मिळून रुंदी सुमारे आठ सेंटीमीटर. ओझे तीन मिलिमीटर जाडीच्या सुतळीने धरले तर सुतळी हाताच्या जवळजवळ अडीच चौरस सेंटीमीटर जागेवरच टेकते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर चार किलो भार. तेच ओझे तीन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्याने धरले तर भार चोवीस चौरस सेंटीमीटरवर पसरतो, आणि प्रत्येक सेंटीमीटरच्या वाट्याला अर्धा किलोही येत नाही. ओझे तेच, हात तोच. फरक फक्त बंदाचा. चुंबळीचे तत्त्व ते हेच.

दुसरी गोष्ट बंदाच्या ढिलाईची. पुष्कळजणी पार्सलाची दोरी अगदी ताठ आवळतात आणि मग तिच्याखाली बोटे खुपसतात. कपडे वाळत घालण्याची तार ताठ असेल तर थोड्या ओल्या कपड्यानेही ती तुटते, थोडी सैल असेल तर टिकते. तसेच हे. माझ्या मुलीने हिशेब करून दाखविला की, बंद हातापासून दोन्हीकडे जवळजवळ आडवा, दहा अंशांएवढाच उतरता असेल तर त्याच्या प्रत्येक बाजूवर ओझ्याच्या जवळजवळ तिप्पट ताण येतो. तोच साठ अंशांनी उभा उतरला तर ताण ओझ्याच्या सहा दशांशांहूनही कमी. म्हणून बांधणी घट्ट असावी, पण मूठ कमानीसारखी उंच असावी.

तिसरी गोष्ट मध्याची. मूठ ओझ्याच्या बरोबर मध्यावर नसेल तर पेटी एका अंगाला झुकते आणि मनगट पिळवटते.

या तिन्ही गोष्टी ध्यानात घेऊन घरच्या घरी सुटा पट्टा करता येतो. पलंगाची सुती नवार असते तशी दोन बोटे रुंद नवार तीन मीटर घ्यावी. तिच्या एका टोकाला धातूच्या दोन सपाट कड्या शिवाव्यात. दुसरे टोक दोन्ही कड्यांतून वर काढून, पहिल्या कडीवरून मागे वळवून दुसरीखालून ओढले की फास बसतो. ओझे जड होईल तसा तो घट्ट होतो, आणि सोडावयाचा तेव्हा कडी उचलली की सुटतो. मूठ वेगळी करावी. जाड कापडाची एक वीत लांब, चौपदरी पट्टी घेऊन दोन्ही टोकांना नवार जेमतेम जाईल एवढे घर ठेवावे आणि नवार त्या घरांतून ओवावी. म्हणजे मूठ नवारीवर सरकविता येते. मूठ वर ठेवून पट्टा पेटीच्या लांबीने फिरवावा, वर आणून मध्याशी वळवावा, मग रुंदीने फिरवून कड्यांत आवळावा. मूठ मध्यावर आणून तिची दोन टोके थोडी जवळ सारली की कमान आपोआप उभी राहते.

जेथे भार येतो तेथे एक टीप पुरत नाही. चौकोन शिवून त्यात फुली मारावी. पहिल्यांदा दहा किलो धान्य बांधून जमिनीपासून वीतभरच उचलून पाहावे. शिवण धरते असे दिसले की मगच बाजारात न्यावे. आणि वाटेत हात बदलीत जावे, कारण एकाच अंगाचे ओझे पाठीला एका बाजूस ओढते. पट्टा धुता येतो, घडी होतो आणि बटव्याशेजारी मावतो.

समारोप

डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून हातात, असा ओझ्याचा हा प्रवास. ओझे काही कमी झाले नाही. पाणी नळाला आले तरी बाजार, दळण, शाळेची दप्तरे, दवाखान्याच्या पिशव्या आहेतच. शहरात शिकणाऱ्या लेकराला पाठवावयाचा फराळाचा डबाही आहे. परंतु ते वाहण्याची रीत प्रत्येक वेळी कोणीतरी सुधारीत गेले, आणि सुधारणारी व्यक्ती पुष्कळदा ते ओझे स्वतः वाहणारीच होती. तिला यंत्र ठाऊक नव्हते, पण आपली बोटे कोठे दुखतात हे ठाऊक होते. मूठ करावयास त्याहून मोठी विद्या लागत नाही.

म्हणून माझी मंडळास एक सूचना आहे. आपण यंदा पिशव्या शिवणार आहोतच. त्या शिवताना बंद रुंद करावेत, भाराच्या जागी फुलीची शिवण घालावी, आणि प्रत्येक पिशवी विकण्याआधी एका बाईने भरून, हातात घेऊन, स्टेशनापर्यंत चालून पाहावी. आणि दुसरे असे की, जिने एखादी सुधारणा सुचविली असेल तिचे नाव मंडळाच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. मार्गारेटबाईच्या उपयोगी तिची टिपणेच पडली. चुंबळीचा शोध कोणी लावला हे आज कोणास सांगता येत नाही. पुढच्या पन्नास वर्षांनी पिंगळीच्या पिशवीचा बंद कोणी रुंद केला, हे तरी सांगता यावे.